दोन सूत बाहेरून

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुला फोन केला की तू तोंडात टाचण्या धरून नुसतं "हंऽ हंऽ" करतेस. मागच्या वेळी त्या "हंऽ"चा अर्थ मी "पाठव" असा घेतला, आणि तुला म्हणायचं होतं "नको". म्हणून यापुढे पत्र. तूही पत्रच लिही. मशीन दहा मिनिटं थांबलं तर कुणी उघडं पडत नाही.

संगणक पाठवलाय. आमच्या कॉलेजच्या लॅबमधले तीन संगणक मोडीत निघाले होते, त्यांतून मी एक धडधाकट जोडला. आता नीट वाच. तुझा जुना संगणक विंडोजवाला होता, आणि काकांनी मापं घालून कोटाचं कागदी पेपर कटिंग काढायचा तो प्रोग्राम त्याच्यासाठीच लिहिला होता. हा नवा आहे लिनक्सवाला. दोघांच्या भाषा वेगळ्या. काकांच्या प्रोग्रामला नव्याचं अक्षरही कळत नाही, आणि त्याला शिकवायला आता काका नाहीत. म्हणून मी मध्ये एक दुभाष्या बसवलाय. प्रोग्राम आपल्या जुन्या भाषेत म्हणतो "छाप", दुभाष्या ते नव्याला त्याच्या भाषेत सांगतो, आणि कागद बाहेर येतो. घर बदललंय हे प्रोग्रामला कळतसुद्धा नाही.

दुभाष्याचं खरं नाव सांगत नाही, कारण ते एका दारूचं आहे आणि तू त्याला दुकानात पाऊल टाकू देणार नाहीस.

गेल्या महिन्यात आले तेव्हा जुन्या संगणकाची धुगधुगी होती, तेवढ्यात काकांचा प्रोग्राम मी उतरवून घेतला ते बरं झालं. त्याची एक प्रत माझ्याकडेही ठेवली आहे.

तुझी उचापती

१२ फेब्रुवारी

उचापतीबाई,

पोचला. पुसला आणि कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यात बसवला. तू लिहिलंस तशा चार तारा चार भोकांत घातल्या. पाचवी उरली, ती ड्रॉवरमध्ये ठेवली. चालतोय, तेव्हा ती काही कामाची नसावी.

चालू केला, पडदा निळा झाला, काळा झाला, आणि मग अगं तेच आलं! "या बाई. माप खरं सांगा. पोट आत ओढू नका." तुझ्या काकांना जाऊन सहा वर्षं झाली, पण हे वाक्य रोज सकाळी समोर यायचं, त्यामुळे त्याचं काही वाटायचं नाही. मधले तीन आठवडे दिसलं नाही तेव्हा कळलं. थोडी रडले. मग कामाला लागले, कारण बँडपथकाचे चौदा कोट आलेत. दहा मेला त्यांचा मोठा कार्यक्रम आहे. बँडमास्तर स्वतः येऊन माप देऊन गेले. पोट आत ओढलंच.

दुभाष्याला माझा नमस्कार सांग. दारूच्या नावाचा का असेना, कामाशी काम ठेवावं म्हणजे झालं. तुझ्या काकांच्या प्रोग्रामला मात्र त्याने हात लावायचा नाही. त्या प्रोग्रामने आयुष्यात एकदाच चूक केली आहे. सतरा वर्षांपूर्वी त्यावर काढलेला पहिला कोट ढगळ झाला, तेव्हा मी काकांना असं काही धारेवर धरलं की ते कपाळावर हात मारून म्हणाले, "चुकलं बाई, माझ्याच गणितात घोळ आहे." दोन दिवस बसून दुरुस्त केलं. पुन्हा कधी चूक नाही. आल्यागेल्याला मी हे सांगत असते, यंत्र चुकतं, बाईचा हात चुकत नाही. तुझे काकाही बिचारे मान डोलवायचे आणि माझा एखादा कापलेला तुकडा उचलून चष्मा पुसत बसायचे. एवढे रुमाल दिले शिवून, पण चष्मा पुसायला कोटाची पाठच लागायची.

जुना संगणक टाकला नाही. काज करायला बसते तिथे खुर्चीखाली आडवा घातलाय, पाय ठेवायला. उंची अगदी बेतशीर.

मावशी

२ मार्च

उचापतीबाई,

तुझ्या त्या दुभाष्याला कान धरून माझ्यासमोर उभा कर.

पहिला कोट शिवला, बँडमास्तरांचाच. काल घालून बघायला आले. छाती चाळीस, आणि कोट त्रेचाळीस! आत बँडमास्तर, त्यांचा क्लॅरिनेटवाला आणि वर एक ढोलकं असं सगळं बसलं असतं. भला माणूस, म्हणाला, "बाई, मी जाड होईन असं धरून शिवलाय का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून असा कोट गेला नाही. म्हणजे तो एक सोडून.

मी तेव्हाच म्हणत होते, मधला माणूस आला की मधल्यामधे काहीतरी इकडचं तिकडे होतंच. काकांनी सांगितलं चाळीस, याने नव्याच्या कानात सांगितलं त्रेचाळीस. घेतली असेल नावाला जागून! त्याला काढून टाक आणि दुसरा बसव. शुद्धीवरचा.

मावशी

७ मार्च

प्रिय मावशी,

चोर सोडून संन्याशाला फाशी नको. दुभाष्याची मी उलटसुलट झडती घेतली. माझ्याकडच्या प्रतीवर तुझ्या बँडमास्तरांचीच मापं घातली, छापलं, आणि पट्टी लावून मोजलं. जे आकडे काकांच्या गणितात, तेच कागदावर. एका केसाचा फरक नाही. कधी कधी छापताना आकृती मोठी होते, तेही तपासलं. होत नाही.

तूही एकदा मोजून बघ. छापलेली रेघ बरोबर निघाली, तर चूक कागदाच्या पुढे आहे, म्हणजे कापण्यात किंवा शिवण्यात. दुभाष्या बिचारा निर्दोष.

पाचवी तार स्पीकरची होती. राहू दे ड्रॉवरमध्ये.

तुझी उचापती

१२ मार्च

उचापती,

मोजलं. छापलेली रेघ बरोबर आहे.

दुभाष्याची माफी माग माझ्या वतीने.

मावशी

२० मार्च

प्रिय मावशी,

एवढंच पत्र? दोन ओळी? तुझ्या साध्या पत्त्यात यापेक्षा जास्त मजकूर असतो. रागावलीस का? बँडच्या कोटांचं काय झालं? फोन केला तर "हंऽ"सुद्धा नाही, नुसता वाजत राहतो. लिही गं.

तुझी उचापती

२६ मार्च

प्रिय उचापती,

रागावले नाही. कामात होते. आवराआवर चालली आहे. दुकानात किती पसारा असतो ते आवरायला घेतलं की कळतं! बटणांचेच अकरा डबे निघाले. तुला लाकडी बटणं आवडतात ना, ती बाजूला काढली आहेत. मोठी कात्री कुणाला हवी का विचार, चांगल्या हातात जावी. काजाचं मशीन शेजारची फ्रॉकवाली घेईन म्हणते. बँडपथकाला सांगितलं, दुसरा टेलर बघा, तेरा कोटांचं कापड तसंच्या तसं घेऊन जा. बँडमास्तर ऐकत नाहीत. म्हणतात, बाई, माझा ढगळ कोट आत घेऊन दिलात तो छान बसला, बाकीचेही तसेच करा. त्यांना काय सांगू? आत घेऊन कोट नीट होतो गं, टेलर होत नाही.

तू विचारशीलच, म्हणून सांगून टाकते. तू लिहिलंस तसं मोजलं. कागद बरोबर होता. मग कापलेलं कापड मोजलं. रेघेपासून दोन सूत बाहेर, म्हणजे पाव इंच. एका कोटाला कापायच्या उभ्या कडा बारा. बारा पाव, तीन इंच. चाळीसचे त्रेचाळीस, घे. म्हटलं, एकदा होतं असं. दुसऱ्यांदा कापलं, दोन सूत बाहेर. चष्मा पुसून, दिवा जवळ ओढून, श्वास रोखून तिसऱ्यांदा कापलं. दोन सूत बाहेर. नाचता येईना अंगण वाकडं, तशी मी दहा दिवस तुझ्या त्या दुभाष्याला शिव्या देत बसले.

हात गेला माझा. अडुसष्टाव्या वर्षी जायचाच. कुणी सांगायच्या आत आपण उठावं हे बरं. आता मी मजेत आहे. सकाळी उशिरा उठते.

मावशी

१ एप्रिल

मावशी,

ती कात्री होती तिथे ठेव. मशीन फ्रॉकवालीला द्यायचं नाही. तारीख बघून हसू नकोस, मी थट्टा करत नाहीये.

आधी माझी चूक. "चूक कापण्यात असेल" असं मी किती सहज लिहून टाकलं! दुभाष्याला वाचवण्याच्या नादात मावशीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आता ऐक. तिन्ही वेळा दोनच सूत? गेलेला हात असा वागतो होय? तो एकदा दोन जाईल, एकदा पाच, एकदा आत घुसेल. माझा हात बघ, मी सरळ रेघ मारली की ती नागमोडी जाते. तुझा मात्र डोळे मिटूनही दोनच. हे हात जाण्याचं लक्षण नव्हे.

मग मी दुभाष्याची रोजनिशी उघडली. तो फार टापटिपीचा आहे. प्रोग्रामने त्याच्याकडे काय काय मागितलं आणि त्याने काय दिलं, हे सगळं तो लिहून ठेवू शकतो. हजारो ओळी. वाचून डोळे बाहेर आले. त्यात एका ठिकाणी, कोटाची रेघ काढायच्या अगदी आधी, काकांचा प्रोग्राम एक नोंद मागतो. जुन्या संगणकाच्या पोटात एक मोठी वही असते, सगळे प्रोग्राम आपापल्या आठवणीच्या गोष्टी तिच्यात टिपून ठेवतात. दुभाष्याकडेही तशी वही आहे, पण कोरी. कारण मी फक्त प्रोग्राम उतरवून आणला, वहीतली त्याची पानं आणायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. दुभाष्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "अशी नोंद सापडली नाही." प्रोग्रामने तक्रार न करता तिथे शून्य धरलं आणि तो पुढे गेला.

त्या नोंदीचं नाव काय आहे माहितीये? "बाईंचा हात".

त्यात काय होतं ते फक्त तुझ्या पायाखालच्या पाटाला ठाऊक. त्याच्या पाठीला चार स्क्रू आहेत. आत वहीएवढी, जाड, जड अशी एक चपटी डबी असेल. ती मला पाठव. पडू देऊ नकोस.

तुझी उचापती

६ एप्रिल

उचापती,

तुझ्या पत्राचा अर्धा भाग कळला नाही, पण नोंदीचं नाव कळलं. तेवढ्यावर कामाला लागले.

स्क्रू बॉबिनच्या डबीच्या पेचकसाने निघाले. आत काय धूळ गं! माझ्याच दुकानातल्या सतरा वर्षांच्या कापडांची रंगीत धूळ. लाल कुठल्या वर्षीची, निळी कुठल्या वर्षीची, तेही मी सांगू शकले असते. डबी काढली. फ्लॅनेलच्या दोन थरांत गुंडाळली, वरून अस्तर लावून पिशवी शिवली आणि झाकणाला काज-बटण केलं. पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, नवऱ्याने माझ्याबद्दल काहीतरी लिहून ठेवलंय, ते वाचायला पाठवतेय. तिने पिशवीवर "नाजूक" असं तीन वेळा लिहिलं.

त्यांनी काय लिहिलं असेल? मी काही फार गोड बायको नव्हते, तुला माहितीच आहे. वाईट असलं तरी लपवू नकोस. मला दोन्ही पाय जमिनीवर ठेवून ऐकायची सवय आहे. सध्या मात्र पोचत नाहीत.

मावशी

१३ एप्रिल

प्रिय मावशी,

डबी सुखरूप पोचली. पिशवी मी परत देणार नाही.

वही उघडली. तुझी नोंद सापडली. जसं आहे तसं उतरवते, माझं एक अक्षर घालत नाही.

"बाईंचा हात: २ सूत, बाहेर.

बाईचा खडू रेघेच्या बाहेरून चालतो. पहिला कोट ढगळ झाला तेव्हा तिचे तुकडे मोजले. सगळीकडे दोन सूत, कुठेही कमी नाही, जास्त नाही. प्रोग्राममध्ये चूक नव्हती. पण तिला सांगितलं तर ती कापताना विचार करेल, आणि विचार करून कापलं की हात बिघडतो. त्यापेक्षा रेघच दोन सूत आत घेतली. ती तिच्या मनासारखं कापेल, कोट बरोबर येईल. तिला सांगितलंय की घोळ माझ्या गणितात होता. दरवर्षी एक तुकडा मोजून बघायचा. हात बदलला तर इथला आकडा बदलायचा."

त्याखाली वर्षवार यादी आहे, अकरा वर्षांची. पहिलं वर्ष, दोन. दुसरं, दोन. तिसरं, दोन. असं चालत राहतं. सातव्या वर्षापुढे लिहिलंय, "अडीच. पण तिला ताप होता. हे धरायचं नाही." मग पुन्हा दोन, दोन, दोन, दोन. तिथे यादी संपते.

मावशी, ते चष्मा पुसत नव्हते गं. पट्टी लावत होते.

तुझा हात गेलेला नाही. सतरा वर्षांपूर्वी होता तसाच, जागच्या जागी आहे. बदललं ते एवढंच, की मी काकांची एक ओळ मागे विसरून आले. मला माफ कर. सोबत छोटी डबी पाठवते, ती नव्या संगणकाला लाव. काकांची पानं दुभाष्याच्या वहीत आपोआप उतरतील. पण आधी तुला विचारते. आकडा दोनच ठेवायचा, की शून्य करून तू खडू रेघेवरून चालवायला शिकणार? सांगशील तसं करू.

तुझी उचापती

१९ एप्रिल

प्रिय उचापती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा मला असा काही राग आला की विचारू नकोस. सतरा वर्षं! ज्याला त्याला सांगत सुटले मी, यंत्र चुकतं, बाईचा हात चुकत नाही. बँडमास्तरांना सांगितलं, फ्रॉकवालीला सांगितलं, पोस्टातल्या बाईलासुद्धा. आणि हा माणूस शेजारी बसून मान डोलवत होता! काय हो, माझ्या पाठीमागे माझीच पाठ मोजत होता? एकदा तरी भांडायचं. मी नसतं ऐकून घेतलं हे खरं, पण भांडायला तर मिळालं असतं. आता चूक माझी होती हे कबूल करायला बसलेय, तर ऐकायला घरात कोणी नाही. तूच ऐक. चूक माझी होती.

तिसऱ्यांदा वाचलं ते त्या तापाच्या वर्षासाठी. मला आठवतोय तो ताप. मी तशीच उठून कापायला बसले होते, आणि त्यांनी हातातली कात्री काढून घेतली. म्हणाले, "आजचं धरायचं नाही." मला वाटलं, सुट्टीबद्दल बोलतायत.

शून्याचं म्हणशील तर नाव काढू नकोस. या वयात खडू रेघेवर आणायला मी काही शाळेत जात नाहीये. दोनच ठेवला. छोटी डबी लावली. दुभाष्याने पानं उतरवून घेतली, कुरकुर केली नाही. गुणाचा आहे. त्याच्या नावावरून मी बोलले ते सगळं मागे घेते.

मग दुसरा कोट कापला, क्लॅरिनेटवाल्याचा. विचार करायचा नाही म्हणून मुद्दाम बँडमास्तरांशी मोठमोठ्याने गप्पा मारत कापला. शिवला. छाती अडतीस, कोट अडतीस. त्याने हात वर केले, वाजवून दाखवलं, खाली वाकला. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. बाकी बारा दहा मेच्या आत होतील. कात्री कुणाला सांगितली असशील तर नाही म्हणून कळव. बटणांचे डबे पुन्हा फळीवर गेलेत. लाकडी बटणं तेवढी तुझी.

डबी काढून घेतलेला जुना संगणक परत खुर्चीखाली घातला आहे. पाय पोचतात.

आणि एक काम कर. ती यादी सहा वर्षं तशीच पडली आहे. मोजणारं कुणी नव्हतं. क्लॅरिनेटवाल्याच्या कोटाचा पाठीचा तुकडा शिवायच्या आधी घेतला, खुर्चीवर बसले, त्याच तुकड्याने आधी चष्मा पुसला आणि मग पट्टी लावली. तुझ्याकडच्या वहीत त्यांच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ घाल, आणि ती इथल्या दुभाष्यालाही पाठव. या वर्षी, दोन. ताप नव्हता. मोजलं बाईने.

तुझी मावशी